१ वॉल स्ट्रीट

१ वॉल स्ट्रीट (पूर्वीची नावे: आयर्विंग ट्रस्ट कंपनी बिल्डिंग, बँक ऑफ न्यू यॉर्क बिल्डिंग) ही अमेरिकेतील न्यू यॉर्क शहराच्या मॅनहॅटन बेटावरील एक ऐतिहासिक गगनचुंबी इमारत आहे. आर्ट डेको शैलीतील हा ५० मजली मनोरा वास्तुविशारद राल्फ वॉकर यांच्या आराखड्यानुसार १९२९ ते १९३१ या काळात एका बँकेचे मुख्यालय म्हणून बांधण्यात आला. त्याची उंची ६५४ फूट (१९९ मीटर) आहे. १९६३ ते १९६५ या काळात दक्षिण बाजूस त्याला जोडइमारत बांधण्यात आली. सुमारे ८० वर्षे कार्यालय म्हणून वापरात राहिलेल्या या वास्तूचे २०१४ नंतर निवासी इमारतीत रूपांतर झाले आणि आज तीत ५६६ सदनिका आहेत. दहा लाख चौरस फुटांहून अधिक क्षेत्र असलेले हे रूपांतर त्या काळी न्यू यॉर्कमधील अशा प्रकारचे सर्वांत मोठे काम म्हणून ओळखले गेले. जुन्या कार्यालयीन मनोऱ्यांचे घरांत रूपांतर करताना स्थापत्य, वारसा संरक्षण आणि गृहनिर्माण यांचे प्रश्न कसे एकत्र येतात, याचे ही इमारत एक महत्त्वाचे उदाहरण मानली जाते.

स्थान

मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाकडील भागास लोअर मॅनहॅटन म्हणतात. अमेरिकेतील बँका, विमा कंपन्या व रोखेबाजार यांचे हे जुने केंद्र होय. १ वॉल स्ट्रीट ही इमारत येथील एक संपूर्ण चौकोनी भूखंड व्यापते. तिच्या उत्तरेस वॉल स्ट्रीट, पश्चिमेस ब्रॉडवे, पूर्वेस न्यू स्ट्रीट आणि दक्षिणेस एक्स्चेंज प्लेस हे रस्ते आहेत. ब्रॉडवेच्या पलीकडे ट्रिनिटी चर्च व त्याची जुनी दफनभूमी आहे, तर न्यू स्ट्रीटच्या पलीकडे न्यू यॉर्क रोखेबाजाराची इमारत आहे. दफनभूमीची मोकळी जागा समोर असल्याने इमारतीच्या पश्चिम बाजूस दाट वस्तीतही भरपूर उजेड मिळतो. पुढे निवासी रूपांतराच्या वेळी ही बाब मोलाची ठरली.

पार्श्वभूमी

आयर्विंग बँकेची स्थापना १८५१ मध्ये झाली. ‘रिप व्हॅन विंकल’ या कथेचे लेखक वॉशिंग्टन आयर्विंग यांचे नाव तिला देण्यात आले होते. मुख्यालय वॉल स्ट्रीटवर येण्यापूर्वी ते ब्रॉडवेवरील प्रसिद्ध वुलवर्थ इमारतीत होते. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात बँकेचा विस्तार झाला आणि तिने वॉल स्ट्रीट व ब्रॉडवे यांच्या कोपऱ्यावरील भूखंड मिळवले. या कोपऱ्यावर तोवर एक अरुंद, १८ मजली इमारत उभी होती. तिच्या आकारामुळे लोक तिला ‘धुरांडे’ म्हणत.

जुन्या इमारती १९२९ मध्ये पाडण्यात आल्या. त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात, न्यू स्ट्रीटच्या पलीकडील रोखेबाजार कोसळला आणि महामंदीला आरंभ झाला. तरीही बांधकाम थांबले नाही. १९३१ मध्ये बँक नव्या वास्तूत आली. बँकेने काही मजले स्वतःच्या वापरासाठी ठेवले व उरलेले अन्य कंपन्यांना भाड्याने दिले.

वास्तुरचना

राल्फ वॉकर (१८८९–१९७३) हे व्हूरहीस, ग्मेलिन अँड वॉकर या संस्थेतील वास्तुविशारद होते. त्यांची लोअर मॅनहॅटनमधील बार्क्ले–व्हेसी इमारत (१९२६) अमेरिकेतील आर्ट डेको शैलीच्या आरंभीच्या गगनचुंबी इमारतींत गणली जाते. भौमितिक नक्षी, उभ्या रेषांवर दिलेला भर आणि नव्या यंत्रयुगाचे आकर्षण ही या शैलीची लक्षणे होत. मुंबईतील मरीन ड्राइव्ह व ओव्हल मैदान परिसरातील ज्या इमारतींचा समावेश २०१८ मध्ये जागतिक वारसा स्थळांच्या यादीत झाला, त्यांतील अनेक याच शैलीतील आहेत.

१ वॉल स्ट्रीटच्या बाह्य भिंती चुनखडकाच्या आहेत. त्या सपाट नसून किंचित आतबाहेर वळत जातात. त्यामुळे दगडाची भिंत उंचावरून सोडलेल्या पडद्याच्या चुण्यांसारखी भासते. भिंतींवरील उभ्या खोबणी पायथ्यापासून वर जातात आणि कोपरे तिरके कापलेले आहेत. वरच्या मजल्यांवर इमारत पायऱ्यापायऱ्यांनी आत सरकते. हा केवळ शोभेचा भाग नाही. रस्त्यावर उजेड व हवा पोहोचावी यासाठी न्यू यॉर्क शहराने १९१६ मध्ये केलेल्या नियमांनुसार उंच इमारतींना ठराविक उंचीनंतर मागे सरकणे बंधनकारक होते.

या रचनेचा दुसरा परिणाम इमारतीच्या अंतर्भागावर झाला. १९३० च्या सुमारास नळीदिव्यांचा प्रसार झालेला नव्हता व कार्यालयांत वातानुकूलनही रूढ नव्हते. लिपिकाला काम करण्यासाठी खिडकीतून येणारा उजेड आणि वारा यांवरच विसंबावे लागे. त्यामुळे मेज खिडकीपासून फार दूर ठेवून चालत नसे आणि मनोऱ्याचे मजले जसजसे वर जातात तसतसे अरुंद होत गेले. कार्यालयासाठी केलेली ही सोय पुढे घरांसाठीही उपयोगी पडली.

लाल दालन

वॉल स्ट्रीटच्या बाजूस तळमजल्यावर असलेले दालन ‘रेड रूम’ म्हणजे लाल दालन या नावाने प्रसिद्ध आहे. त्याच्या भिंती व छत काचेच्या व चिनी मातीच्या लहान तुकड्यांच्या कुट्टिमकामाने (मोझेइक) मढवलेले आहेत. खाली गडद लाल रंग असून छताकडे जाताना तो फिकट नारिंगी होत जातो. त्यातून सोनेरी रेषांचे कोळ्याच्या जाळ्यासारखे जाळे पसरलेले आहे. हे कुट्टिमकाम हिल्ड्रेथ मेअर (१८९२–१९६१) यांच्या संकल्पनेतून साकारले. न्यू यॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलच्या बाहेरील नृत्य, नाट्य व गीत दर्शवणाऱ्या गोल धातुचित्रांची रचनाही त्यांचीच आहे. लाल दालनासाठीचे तुकडे बर्लिन येथील कार्यशाळेत तयार करून जहाजाने आणण्यात आले.

बँकेचे दालन असले तरी येथे रोखपालांच्या खिडक्यांची रांग नव्हती. मोठ्या ठेवीदारांचे स्वागत करणे व त्यांच्याशी बोलणी करणे, हा या जागेचा उद्देश होता. त्यामुळे शहरातील एक उत्कृष्ट अंतर्गत कलाकृती रस्त्यालगत असूनही बहुतेक नागरिकांनी ती पाहिलेली नव्हती.

विस्तार व मालकीतील बदल

दुसऱ्या महायुद्धानंतर बँकेला जागा अपुरी पडू लागली. १९६३ ते १९६५ या काळात दक्षिणेस ३६ मजली जोडइमारत उभारण्यात आली. तिचा आराखडा मूळ संस्थेच्याच उत्तराधिकारी संस्थेने केला. तोवर नळीदिवे व वातानुकूलन सर्वत्र आले होते. अशा काळातील कार्यालयांना खिडकीची गरज पूर्वीइतकी राहिली नव्हती आणि मोठे, खोल मजले बांधणे किफायतशीर ठरत होते. एकाच भूखंडावरील या दोन भागांत कार्यालयीन स्थापत्याची दोन युगे शेजारीशेजारी पाहावयास मिळतात.

१९८८ मध्ये बँक ऑफ न्यू यॉर्कने आयर्विंग बँक ताब्यात घेतली. १७८४ मध्ये स्थापन झालेल्या या बँकेच्या संस्थापकांत अलेक्झांडर हॅमिल्टन यांचा समावेश होता. पुढे १ वॉल स्ट्रीट हे तिचे मुख्यालय झाले. २००७ मध्ये या बँकेचे मेलन फिनान्शियल कॉर्पोरेशनशी विलीनीकरण झाले. २०१४ मध्ये बीएनवाय मेलन बँकेने ही इमारत ५८.५ कोटी डॉलरना विकली व त्यानंतर मुख्यालय दुसरीकडे हलवले. खरेदीदार गटाचे नेतृत्व हॅरी मॅक्लो यांच्या मॅक्लो प्रॉपर्टीज या कंपनीकडे होते.

लोअर मॅनहॅटनमधील परिवर्तन

१ वॉल स्ट्रीटचे रूपांतर ही एकाकी घटना नव्हती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अनेक कंपन्या मध्य मॅनहॅटनमध्ये किंवा उपनगरांत गेल्या. संगणकांच्या तारा, मोठ्या मोकळ्या कक्षांची गरज व वातानुकूलन यांना जुन्या मनोऱ्यांचे अरुंद मजले सोयीचे नव्हते. १९९० च्या सुमारास या भागातील बऱ्याच कार्यालयांच्या जागा रिकाम्या पडल्या. दिवसा गजबजलेले रस्ते संध्याकाळी ओस पडत.

या स्थितीवर उपाय म्हणून १९९५ मध्ये एक पुनरुज्जीवन योजना लागू करण्यात आली. जुन्या कार्यालयांचे घरांत रूपांतर करणाऱ्या मालकांना मालमत्ता करात सवलत देण्यात आली. २००६ पर्यंत चाललेल्या या सवलतीतून सुमारे १३,००० घरे निर्माण झाली. ११ सप्टेंबर २००१ रोजी जवळच असलेल्या जागतिक व्यापार केंद्रावर झालेल्या हल्ल्यानंतर या भागातील कार्यालयांची मागणी आणखी घटली व पुनर्बांधणीच्या प्रयत्नांत निवासी वापराला अधिक महत्त्व आले. शहराच्या नियमांतही यासाठी सवलत होती. इतरत्र १९६१ पूर्वीच्या इमारतींनाच रूपांतराचे शिथिल नियम लागू होत, तर लोअर मॅनहॅटनमध्ये ही मर्यादा १९७७ पर्यंत होती.

निवासी रूपांतर

खरेदीनंतर आरंभी इमारतीत भाड्याच्या व मालकीच्या अशा दोन्ही प्रकारच्या सदनिका ठेवण्याचा विचार होता. पुढे सर्व सदनिका मालकी हक्काने विकण्याचे ठरले. २०२१ मध्ये विक्रीस प्रारंभ झाला व २०२३ मध्ये रहिवासी येऊ लागले. खालच्या मजल्यांवर दुकाने आणि वर घरे अशी विभागणी करण्यात आली. जोडइमारतीवर काही नवे मजले चढवण्यात आले आणि ब्रॉडवेच्या बाजूस नवे प्रवेशद्वार करण्यात आले. ३८ व्या मजल्यावर रहिवाशांसाठी पोहण्याचा तलाव आहे.

जोडइमारतीच्या खालच्या भागात जानेवारी २०२३ मध्ये होल फूड्स या साखळीचे किराणा दुकान सुरू झाले. बँकांच्या या परिसरात वस्ती वाढत असताना रोजच्या गरजेच्या वस्तूंचे मोठे दुकान येणे हा परिसराच्या बदललेल्या स्वरूपाचाच एक भाग होता. मूळ मनोऱ्याच्या पायथ्याशी मार्च २०२५ मध्ये प्रँताँ या पॅरिसमधील जुन्या विभागीय भांडाराची शाखा उघडली. लाल दालनात सध्या पादत्राणांची विक्री होते.

रूपांतरातील तांत्रिक प्रश्न

कार्यालय व घर यांच्या गरजा मूलतः भिन्न असतात. १ वॉल स्ट्रीटसारख्या वास्तूचे रूपांतर करताना पुढील प्रश्न सोडवावे लागतात.

खिडक्या व मजल्याची खोली: न्यू यॉर्कच्या कायद्यानुसार घरातील प्रत्येक राहत्या खोलीला रस्ता, अंगण किंवा चौकाकडे उघडणारी खिडकी लागते. कार्यालयाला असे बंधन नाही. खिडकीपासून मध्यापर्यंतचे अंतर जास्त असेल, तर मधला भाग झोपण्याच्या वा बसण्याच्या खोलीसाठी वापरता येत नाही. तेथे स्नानगृह, कपाटे, सामानाची खोली किंवा सामायिक सोयी ठेवाव्या लागतात. १९३१ चा मनोरा वर अरुंद होत गेल्याने त्याच्या वरच्या मजल्यांवर हा प्रश्न कमी तीव्र होता. मोठे, खोल मजले असलेल्या युद्धोत्तर इमारतींत मात्र तो सर्वांत मोठा अडथळा ठरतो.

उद्वाहने (लिफ्ट): कार्यालयात सकाळी एकाच वेळी हजारो कर्मचारी येतात. म्हणून तेथे उद्वाहनांची संख्या मोठी असते. घरांत ये-जा दिवसभर विखुरलेली असल्याने कमी उद्वाहने पुरतात. अनावश्यक ठरलेल्या उभ्या पोकळ्या बंद करून ती जागा उजेड न पोहोचणाऱ्या सोयींसाठी किंवा नळ व तारा नेण्यासाठी वापरता येते.

पाणी व सांडपाणी: कार्यालयाच्या मजल्यावर प्रसाधनगृहे एका ठिकाणी असतात. सदनिकांत मात्र प्रत्येक घराला स्वयंपाकघर व स्नानगृह लागते. त्यासाठी जुन्या तक्तपोशीत असंख्य नवी छिद्रे पाडावी लागतात आणि प्रत्येक ठिकाणी पोलादी सांगाड्याला धक्का न लावण्याची दक्षता घ्यावी लागते.

सदनिकांची विविधता: पायऱ्यांसारख्या रचनेमुळे मजल्यांचे क्षेत्र उंचीनुसार बदलते. वक्र भिंती, तिरके कोपरे व जुने खांब यांच्या जागा हलवता येत नाहीत. परिणामी एकच नकाशा सर्व मजल्यांवर वापरता येत नाही. याचा एक लाभही आहे. इमारत जेथे आत सरकते, तेथील उघडे छप्पर सदनिकांना गच्ची म्हणून देता येते.

सांगाड्याचा पुनर्वापर: जुनी इमारत पाडून नवी बांधल्यास पोलाद, दगड व काँक्रीट यांच्या निर्मितीत खर्च झालेली ऊर्जा वाया जाते आणि तितकीच ऊर्जा पुन्हा खर्च होते. सांगाडा व बाह्य भिंती कायम ठेवल्यास हा अपव्यय टळतो. पर्यावरणाच्या दृष्टीने रूपांतराच्या बाजूने मांडला जाणारा हा प्रमुख मुद्दा आहे.

वारसा संरक्षण

न्यू यॉर्क शहराच्या वारसा जतन आयोगाने २००१ मध्ये १ वॉल स्ट्रीटच्या बाह्यरूपाला वारसा वास्तूचा दर्जा दिला. या दर्जामुळे दर्शनी भागातील दारे, खिडक्या किंवा दगडी काम यांत बदल करण्यापूर्वी आयोगाची मंजुरी घ्यावी लागते. २००७ मध्ये वॉल स्ट्रीट ऐतिहासिक परिसराचा भाग म्हणून राष्ट्रीय नोंदवहीतही तिचा समावेश झाला.

तथापि बाह्यरूपाला मिळालेले संरक्षण अंतर्भागाला आपोआप लागू होत नाही. न्यू यॉर्कच्या कायद्यात अंतर्भागाच्या संरक्षणाची स्वतंत्र तरतूद १९७३ मध्ये झाली. तिच्यानुसार संबंधित जागा किमान ३० वर्षे जुनी असावी लागते आणि ती जनतेसाठी सामान्यतः खुली असावी लागते. खासगी निवासाच्या खोल्यांना त्यामुळे हे संरक्षण मिळू शकत नाही. लाल दालनाला २००१ मध्ये दर्जा मिळाला नव्हता. इमारतीची विक्री व रूपांतर झाले त्या संपूर्ण काळात या कुट्टिमकामाचे जतन कायद्यावर नव्हे, तर मालकाच्या इच्छेवर अवलंबून होते. मालकाने ते राखले व त्याची डागडुजी केली. २०२४ मध्ये आयोगाने लाल दालनाला अंतर्गत वारसा वास्तू म्हणून मान्यता दिली.

निवडक ग्राहकांसाठी बांधलेले हे दालन आता दुकानाचा भाग असल्याने कोणालाही आत जाऊन पाहता येते. दुसरीकडे, वरचे मजले पूर्णपणे खासगी झाले आहेत. वापर बदलला की वास्तूचा कोणता भाग सार्वजनिक राहतो व कोणता दृष्टीआड होतो, हा प्रश्न या रूपांतराने ठळकपणे पुढे आणला.

परवडणाऱ्या घरांचा प्रश्न

कार्यालयांच्या रूपांतरामुळे शहरातील घरांची टंचाई कमी होईल, अशी अपेक्षा अनेकदा व्यक्त केली जाते. १ वॉल स्ट्रीटच्या बाबतीत ५६६ नवी घरे मिळाली. परंतु ती सर्व मालकी हक्काची, बाजारभावाने विकली जाणारी व उच्च उत्पन्न गटासाठीची होती. १९९५ च्या योजनेतही मर्यादित उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी घरे राखून ठेवण्याची अट नव्हती. ओस पडलेला परिसर वसवणे हा त्या योजनेचा हेतू होता आणि तो बऱ्याच अंशी सफल झाला. तो परिसर कोणासाठी वसवावा, हा प्रश्न मात्र तिने विचारला नव्हता.

कोविड–१९ च्या साथीनंतर घरून काम करण्याची पद्धत रुळली व कार्यालये पुन्हा रिकामी पडू लागली. तेव्हा धोरणात बदल झाला. न्यू यॉर्क राज्याने २०२४ मध्ये नवी करसवलत आणली. तिचा लाभ घेऊन भाड्याची घरे तयार करणाऱ्यांना एकूण घरांपैकी किमान २५ टक्के घरे परवडणाऱ्या भाड्यात देणे बंधनकारक करण्यात आले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये शहराने नियम बदलून १९९० पर्यंतच्या इमारतींना रूपांतराची सवलत दिली. वारसा वास्तूंचे रूपांतर महागडे असल्याने त्यांतून स्वस्त घरे मिळणे कठीण, असा एक पक्ष आहे. करसवलत सार्वजनिक पैशातून दिली जात असल्याने तिच्या बदल्यात समाजाला काही मिळालेच पाहिजे, असा दुसरा पक्ष आहे.

अन्य उदाहरणे

याच परिसरातील ७० पाइन स्ट्रीट हा १९३२ मधील आर्ट डेको मनोरा भाड्याच्या सदनिकांत रूपांतरित झाला आहे. आयर्विंग बँकेचे पूर्वीचे घर असलेल्या वुलवर्थ इमारतीच्या (१९१३) केवळ वरच्या मजल्यांचे घरांत रूपांतर झाले. खालचे मजले कार्यालयांसाठीच राहिले. वॉकर यांच्या बार्क्ले–व्हेसी इमारतीच्या वरच्या भागातही सदनिका झाल्या आहेत.

युद्धोत्तर इमारतींबाबत निराळा मार्ग अवलंबावा लागला. १८० वॉटर स्ट्रीट येथील इमारतीच्या मध्यभागी सर्व मजले छेदून चौक काढण्यात आला. २५ वॉटर स्ट्रीट येथे असे दोन चौक काढून, गमावलेले क्षेत्र वर नवे मजले चढवून भरून काढण्यात आले. तेथे सुमारे १,३०० सदनिका असून घरांच्या संख्येत या इमारतीने १ वॉल स्ट्रीटला मागे टाकले. आपल्याकडील जुन्या वाड्यांत खोल्यांना उजेड मिळावा म्हणून मध्ये चौक ठेवीत. येथे तोच उपाय उभ्या इमारतीला कापून करावा लागला. १ वॉल स्ट्रीटच्या मूळ मनोऱ्यात त्याची गरज भासली नाही, कारण विजेच्या दिव्यांवर विसंबण्यापूर्वीच्या काळात तो सूर्यप्रकाशाचा विचार करून बांधला गेला होता.